औरंगाबादच्या जुन्या वास्तूंतून राजवटी कशा वाचाव्यात

बीबी का मकबरा पाहायला येणारी पुष्कळशी मंडळी 'ताजमहालाची नक्कल' असा शेरा मारून अर्ध्या तासात परततात आणि उरलेले शहर रिक्षातून दरवाजे मोजत पार करतात. मला याची मनापासून खंत वाटते, कारण साम्राज्याची सत्ता एखाद्या सुभ्याच्या शहरात कशी उतरते, हे इतक्या उघडपणे दाखवणारे शहर महाराष्ट्रात दुसरे नाही. दिल्ली-आग्र्याहून हुकूम येतो, आराखडा येतो, कधी मुख्य मेमारही (वास्तुकारही) तिकडूनच येतो; दगड मात्र इथल्याच डोंगराचा असतो, पाणी इथल्याच झऱ्यांचे असते आणि चुना घोटणारे हात पुष्कळदा इथलेच असतात. आलेला हुकूम आणि इथला दगड ज्या ठिकाणी एकमेकांना भेटतात, तो सांधा शोधायला शिकणे हाच या मार्गदर्शनाचा हेतू आहे. त्यासाठी वास्तुशास्त्राचे शिक्षण लागत नाही. दोन दिवस शहरासाठी, एक दिवस खुलताबादसाठी आणि प्रत्येक इमारतीपुढे थोडे अधिक थांबण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.

आधी कालक्रम पक्का करावा

फिरायला निघण्यापूर्वी काही सालांची नोंद वहीच्या पहिल्या पानावर करावी, कारण प्रत्येक वास्तूला पुढे त्यांतल्याच कुठल्यातरी दोन सालांच्या मध्ये बसवायचे आहे. १६१० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी या गावाला राजधानीचे रूप दिले. १६२६ मध्ये तो वारल्यावर त्याचा मुलगा फतेहखान याने गावाला फतेहनगर हे नाव दिले. निजामशाही मोगलांनी गिळल्यानंतर औरंगजेब १६३६ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून प्रथम आला, दुसऱ्या सुभेदारीत १६५३ च्या सुमारास त्याने शहराला स्वतःचे नाव दिले आणि १६८१ नंतर बादशहा म्हणून तो दख्खनेत उतरला, तो पुन्हा उत्तरेत गेलाच नाही. १७०७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. १७२४ पासून हैदराबादच्या निजामांचा मूळपुरुष निजाम-उल-मुल्क आसफजाह येथे जवळपास स्वतंत्रपणे राज्य करू लागला, १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि १९४८ मध्ये मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. २०२३ पासून शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

नोंदी करताना ज्या काळाची वास्तू असेल त्या काळाचे नाव वापरावे, असा माझा आग्रह आहे. 'खडकीतील मशीद' असे लिहिले की ती मोगलांच्या आधीची आहे हे आपोआप लक्षात राहते. या लेखात मोगल आणि निजाम काळासाठी औरंगाबाद हे नाव त्याच कारणाने आले आहे.

सोबत वही, शहराचा साधा नकाशा आणि शक्य असल्यास छोटी दुर्बीण ठेवावी. सकाळी लवकर निघावे. तिरप्या उन्हात गिलाव्यावरचा उठाव आणि दगडांच्या दरजा ज्या स्पष्ट दिसतात, त्या भर दुपारी दिसत नाहीत. मशिदींत आणि दर्ग्यांत नमाजाच्या वेळा टाळाव्यात, परवानगी विचारावी, आणि कुठल्याही भिंतीचा पोपडा नखाने काढून आतला दगड पाहण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. निसर्गतः पडलेले पोपडे पुष्कळ सापडतात.

सुरुवात पाण्यापासून करावी

पहिली भेट इमारतीला न देता पाण्याला द्यावी. खडकीच्या आसपास बारमाही मोठी नदी नाही. खाम नदी आहे, पण तिच्या भरवशावर राजधानी वसवता येत नाही. मलिक अंबरने यावर जो उपाय केला तो नहर-ए-अंबरी म्हणून ओळखला जातो. उत्तरेच्या डोंगरातले भूजल जमिनीखालच्या बांधीव बोगद्यांत झिरपू द्यायचे, तेथून ते केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणायचे आणि पुढे खापरी नळांतून हौदांपर्यंत पोहोचवायचे, अशी ही रचना होती. वाटेत ठरावीक अंतरावर आत उतरण्यासाठी आणि हवेसाठी विहिरीसारखी भोके ठेवलेली असत, तर ठिकठिकाणी उंच चौकोनी मनोरे उभे असत. या मनोऱ्यांना स्थानिक लोक बंबे म्हणतात. पाणी नळातून मनोऱ्यात चढते, तेथे त्याचा दाब मोकळा होतो, अडकलेली हवा निघून जाते आणि पाणी दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे जाते. मूळ उगमापेक्षा अधिक उंचीवर ते चढू शकत नाही, म्हणून या मनोऱ्यांच्या उंचीवरून उगमाच्या पातळीचाही अंदाज येतो.

ही व्यवस्था आधी समजून घेण्याचे कारण असे, की मोगलांनी या शहरात जे काही वैभव उभे केले ते याच पाण्याच्या जाळ्यावर आणि त्याच्याच धर्तीवर पुढे खोदलेल्या नव्या नहरींवर उभे राहिले. कारंजी, चारबाग (चार भागांत आखलेली बाग), हौद हे बादशाही थाटाचे सगळे विशेष एका पराभूत राज्याच्या वजिराने घालून दिलेल्या पद्धतीवर चालत होते. जिंकणारा पुष्कळदा जुन्या पायावरच नवा मजला चढवतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

हे सगळे एकत्र पाहायचे असेल तर पाणचक्कीला जावे. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी पंथाच्या सूफींच्या दर्ग्याचा हा परिसर आहे. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून येथे येते, उंच भिंतीतून वर चढते आणि हौदात कोसळते. पूर्वी याच पडत्या पाण्यावर जाते फिरत असे आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी दळण होत असे. बहुतेक लोक धबधब्याचे छायाचित्र काढतात आणि निघतात. तुम्ही मात्र पायऱ्या उतरून हौदाखालच्या दालनात जाण्याची संधी मिळाली तर ती सोडू नका. वरच्या हौदाचा तळ हेच या प्रशस्त दालनाचे छत आहे. खांबांच्या रांगांवर कमानी, कमानींवर छत आणि छतावर पाणी. उन्हाळ्यात बाहेरच्या झळांतून आत आल्यावर खांद्यावर उतरणारा गारवा जाणवला की या वास्तूचा हेतू वेगळा समजावून सांगावा लागत नाही. येथल्या बांधकामाशी तुर्कताज खानाचे नाव जोडलेले आहे आणि तो निजाम-उल-मुल्कच्या पदरचा सरदार होता. ही बाब वहीत अधोरेखित करून ठेवावी, तिचा उपयोग पुढे होईल.

दगड आणि कमान

आता इमारतींकडे वळताना पहिला प्रश्न शैलीचा विचारू नये, पदार्थाचा विचारावा: ही भिंत कशाची आहे? औरंगाबाद परिसरात हाताशी असलेला दगड एकच, तो म्हणजे काळा-करडा बेसॉल्ट, आपला नेहमीचा काळा पाषाण. आग्रा-दिल्लीच्या मोगलांना लागे तो लाल वालुकाश्म येथे नाही आणि राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर तर शेकडो कोस दूर. या एका अडचणीतून शहराची अर्धी वास्तुकला समजते.

मलिक अंबरच्या काळात हा काळा दगड उघडाच मिरवला जाई. त्याने बांधलेल्या मशिदींना लोक काळी मशीद म्हणतात, ते याच रंगामुळे. जुन्या बाजारातली काळी मशीद पाहावी: उंच चौथरा, सहा खांब, घडीव चिरे, आणि अलंकरण इतके थोडे की नजर सरळ कमानीच्या रेषेवरच टिकते. भडकल दरवाजाही मलिक अंबरचाच, मोगलांवरच्या विजयाचे स्मारक म्हणून १६१२ मध्ये उभारलेला. पुढे ज्यांचे राज्य आले त्यांच्याच पराभवाचे स्मारक त्यांच्या शहरात शाबूत राहिले, हे त्याच्याखालून जाताना अवश्य आठवावे.

मोगल आल्यावर दगड बदलला नाही, त्याच्यावरचे आवरण बदलले. चुन्याचा बारीक गिलावा, तो घोटून घोटून आणलेली चकाकी, आणि त्यातच उठावाने काढलेली वेलबुट्टी यांनी काळा पाषाण झाकला जाऊ लागला. या ठिकाणी वेरूळचे कैलास लेणे पाहिलेला वाचक शंका काढेल, की याच पाषाणात एवढे सूक्ष्म कोरीवकाम होऊ शकते, मग गिलावा कशासाठी? शंका रास्त आहे. दगड कोरता येतो, परंतु त्याला पिढ्यांचे श्रम लागतात, आणि बादशाही दृष्टीला हवा असलेला शुभ्र झळाळ त्यातून कधीच निघणार नाही. शिवाय कैलास लेण्यावरही एके काळी गिलावा आणि रंग होते, त्याचे अवशेष आजही दिसतात. म्हणजे काळ्या पाषाणाला पांढरे करण्याची कला या मुलखाला नवी नव्हती. मोगलांनी तिला वेगळे काम दिले. लाल मशिदीत हीच गोष्ट दुसऱ्या रंगात भेटते. तिचा दगड बेसॉल्टच आहे, तो लाल रंगाने रंगवला आहे. उत्तरेतला वालुकाश्म आणता आला नाही, तेव्हा त्याचा रंग आणला.

कमानींसाठी एक ढोबळ खूण लक्षात ठेवावी. साधी, टोकदार, कडेला कुठलेही काम नसलेली कमान दिसली तर आधी निजामशाहीचा विचार करावा. पाकळ्यापाकळ्यांची महिरप आणि तिला पेलणारा, खाली कलशासारखा फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा सुरूचा खांब अशी जोडी दिसली तर शाहजहानच्या काळातील किंवा त्यानंतरची मोगल शैली समजावी. पण ही खूण म्हणजे पुरावा नव्हे. साधी टोकदार कमान मोगलांनीही बांधली आहे, आणि सुरूचे खांब व पाकळ्यांच्या महिरपी तर पुढे मराठ्यांच्या वाड्यांत इतक्या रुळल्या की आज आपण त्यांना बिनदिक्कत मराठी म्हणतो.

एकाच दर्शनी भिंतीत दोन राजवटी पाहायच्या असतील तर जामा मशिदीसारखी जागा नाही. आत पन्नास बहुकोनी खांब पाच ओळींत उभे आहेत आणि दर्शनी बाजूला नऊ टोकदार कमानी आहेत. त्यांपैकी पाच मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारल्या आणि चार औरंगजेबाने वाढवल्या. पहिल्या भेटीत मला त्या नऊही कमानी एकाच हाताच्या वाटल्या होत्या, आणि विचार केल्यावर जाणवले की तसे वाटावे असाच बांधणाऱ्याचा हेतू असला पाहिजे. औरंगजेबाच्या कारागिरांनी येथे आपली वेगळी शैली रेटली नाही, आधीच्या कमानींची ओळ पुढे चालवली. साम्राज्य नेहमी पाडून बांधत नाही. पुष्कळदा ते शेजारी उभे राहून आधीच्याचे माप घेते. अशा वेळी राजवट ओळखण्यासाठी कमानींचा आकार सोडून त्यांची संख्या, मांडणी आणि वाढीव भागाची दिशा पाहावी लागते.

मकबऱ्यापुढे किमान दोन तास

आता बीबी का मकबरा. हे दिलरस बानू बेगम हिचे, म्हणजे राबिया-उद-दौरानीचे थडगे. ती औरंगजेबाची बेगम, १६५७ मध्ये औरंगाबादेतच वारली. दक्षिणेकडच्या महाद्वारातून आत शिरताना घाई करू नये. पितळी पत्र्याने मढवलेल्या दारावरची वेलबुट्टी पाहावी आणि तेथला लेख शोधावा. त्यात मेमार अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे आहेत. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा आणि हा लाहौरी म्हणजे ताजमहालाचा प्रमुख रचनाकार मानला जाणारा माणूस. म्हणजे आग्र्याचा आराखडा येथे ऐकीव माहितीवरून पोहोचलेला नाही, तो बापाकडून मुलाकडे आलेला आहे. 'नक्कल' हा शब्द मला अपुरा वाटतो तो येथपासूनच.

कामाच्या तारखेसाठी १६६१ हे साल दिले जाते. अनेक ठिकाणी मकबऱ्याचे श्रेय औरंगजेबाचा मुलगा शहजादा आझमशाहाला दिलेले वाचायला मिळेल. तेव्हा वहीचे पहिले पान उघडावे आणि त्याच्याशेजारी आझमशाहाचे जन्मसाल लिहावे: १६५३. आठ वर्षांच्या मुलाने हे काम पुरे केले असे म्हणता येणार नाही. त्याने पुढे काही भर घातली असेल तर ती वेगळी गोष्ट. कुठलीही नामांकित वास्तू पाहताना बांधणाऱ्याचे वय आणि वास्तूचे साल असे शेजारी मांडण्याची सवय लावून घ्यावी. कितीतरी दंतकथा तेवढ्याने गळून पडतात.

मुख्य इमारतीच्या चौथऱ्यावर चढल्यावर भिंतीच्या अगदी जवळ उभे राहावे. खालचा पट्टा संगमरवराचा आहे. त्यावर तळहात ठेवला तर सकाळच्या वेळी तो थंड लागतो, आणि दगडातली फिकट राखी शीर बोटाखालून जाते. नजर हळूहळू वर न्यावी. साधारण कमरेच्या वर, माणसाच्या उंचीच्या आसपास, एक आडवी रेष येते आणि तेथे संगमरवर संपतो. त्याच्या वर पांढरेपण तसेच पुढे जाते, पण ते आता चुन्याचे आहे: किंचित मऊ कडांचे, जागोजागी काळवंडलेले, केसाएवढ्या भेगा पडलेले, आणि एखाद्या कोपऱ्यात पोपडा पडलेला असेल तर आतून काळा पाषाण डोकावणारे. हा गिलावा घुमटाच्या पायथ्यापर्यंत जातो आणि घुमट पुन्हा संगमरवराचा आहे. जेथे माणसाचा हात पोहोचतो तेथे संगमरवर, जेथे दुरून सगळ्यांची नजर लागते तेथेही संगमरवर, आणि मधल्या प्रचंड भिंतींना इथल्या पाषाणावर चुना. ही रेष म्हणजेच मी सुरुवातीला म्हटलेला सांधा. मला तर ती या शहरातली सर्वांत बोलकी रेष वाटते.

तिच्यामागचा हिशेबही समजून घ्यावा. मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे असा नोंदवला गेला आहे, तर ताजमहालाचा खर्च ३ कोटी २० लाख रुपयांच्या आसपास सांगितला जातो. आणे-पैसुद्धा लिहिणारी ही नोंद सुभ्याच्या दफ्तराची शिस्त दाखवते. त्याच वर्षांत शाहजहानच्या मुलांमध्ये वारसायुद्ध झाले होते, खजिन्याला दुसरी तोंडे होती, आणि नव्या बादशहाला बापासारखा बांधकामाचा नाद नव्हता. संगमरवर उत्तरेतून बैलगाड्यांनी येई. फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवराने लादलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. प्रत्येक गाडीला कमीत कमी बारा बैल जुंपलेले होते. असा एकेक चिरा घाट चढून यायचा असेल तर तो कुठे लावायचा आणि कुठे वाचवायचा, याचा विचार मेमाराला करावाच लागतो. तो विचार तुमच्यासमोर भिंतीवर उभा आहे.

यानंतर मांडणी पाहावी. ताजमहाल बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर आहे. मकबरा मात्र चारबागेच्या मधोमध आहे, म्हणजे येथे दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीची जुनी पद्धत पुन्हा आली. चार मिनार मुख्य वास्तूच्या इतके जवळ आले आहेत की मधला भाग आवळल्यासारखा वाटतो. याला अनेकजण दोष म्हणतात आणि प्रमाणाच्या दृष्टीने तो आहेच, हे मी नाकारणार नाही. पण पहाटेच्या धुक्यात, मागे डोंगराची काळी रांग असताना, याच आवळलेपणामुळे वास्तू उंच आणि हलकी भासते. दोन्ही निरीक्षणे वहीत शेजारी शेजारी लिहावीत.

आत गेल्यावर थडगे समोर दिसत नाही. ते खालच्या पातळीवर, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत आहे आणि वरच्या बाजूने वाकून खाली पाहावे लागते. ताजमहालात प्रेक्षकांसमोर नक्षीदार प्रतिकबरी असतात आणि खऱ्या कबरी तळघरात असतात. येथे तशी दुहेरी रचना नाही. बाहेर पडताना पश्चिमेकडची मशीद पाहायला विसरू नये. ती मूळ योजनेतली नाही, हैदराबादच्या निजामाने नंतर घातलेली भर आहे, आणि तिच्यामुळे त्या बाजूचा मार्ग बंद झाला. चौथऱ्याच्या समतोलाला ती कशी छेदते, हे पूर्वेकडून पाहिल्यास लगेच कळते.

पुऱ्यांची नावे वाचावीत

मकबऱ्याच्या परिसरातून बाहेर पडताना रस्त्यांवरच्या पाट्या वाचाव्यात. बेगमपुरा, जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा. जयसिंगपुरा म्हणजे पुरंदरच्या तहामुळे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असलेले मिर्झाराजे जयसिंग. कर्णपुरा आणि पदमपुरा म्हणजे बिकानेरचे कर्णसिंह आणि पदमसिंह. मोगल मनसबदार दख्खनच्या मोहिमेवर आला की त्याच्याबरोबर फौज, कारभारी, व्यापारी, कारागीर, देवघर असे सगळेच येई आणि तटाबाहेर त्याचा एक पुरा, म्हणजे वस्ती, वसे. म्हणजे मोगल सत्तेबरोबर येथे एकटी मोगल शैली आली नाही, राजपुतान्याची आणि बुंदेलखंडाचीही आली.

याचा हाताशी असलेला पुरावा म्हणजे पहाडसिंगपुऱ्यातला सोनेरी महाल. बुंदेल्यांपैकी पहाडसिंहाने तो सतराव्या शतकाच्या मध्यावर बांधला. आतल्या चित्रांत सोन्याचा वापर होता म्हणून हे नाव पडले. आज तेथे संग्रहालय आहे. संग्रहातल्या वस्तू पाहाव्यातच, पण त्याआधी बाहेरच्या मोकळ्या जागेत लांब उभे राहून संपूर्ण दर्शनी बाजू पाहावी. मागे डोंगर, पुढे उंच चौथऱ्यावरचा आडवा पसरलेला महाल, आणि त्यात थडग्याच्या वास्तूत असते तशी घुमटाकडे चढत जाणारी रचना नाही.

गावात चौक मशीद आहे, ती १६६० च्या दशकातली आणि शाहिस्तेखानाच्या नावावर. पुण्याच्या लालमहालात बोटे गमावलेला तोच हा शाहिस्तेखान. आपण त्याला त्या एका रात्रीपुरते ओळखतो. या सुभ्यात त्याने काय बांधले, हे पाहिले की सुभेदार या पदाची दुसरी बाजूही कळते.

तट आणि दरवाजे

शहराला तट कधी पडला, हे साल फार महत्त्वाचे आहे. औरंगजेबाने ते काम १६८२ च्या सुमारास करवले, म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात, मराठ्यांच्या स्वाऱ्या शहराच्या उंबरठ्याशी आल्यावर. सुमारे तीस वर्षे सुभ्याचे ठाणे असलेल्या शहराला तोवर तटाची गरज भासली नव्हती. म्हणून या तटाकडे पाहताना 'मोगल वैभव' हा शब्द बाजूला ठेवावा आणि बुरूज, चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे), जंग्या (मारा करण्यासाठी ठेवलेली भोके), वळणाची वाट अशी संरक्षणाची अंगे शोधावीत. दरवाजांचा मोठा भाग अजून उभा असला तरी त्यांना जोडणारा तट पुष्कळ ठिकाणी नाहीसा झाला आहे. त्यामुळे आज दरवाजा रस्त्याच्या मध्ये एकाकी दिसतो. नकाशावर दरवाजे एकमेकांना रेषेने जोडावेत, म्हणजे तटाची जागा आपोआप उमटते.

नावांवरून दिशा कळते: उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण, पूर्वेला जालना, पश्चिमेला मक्काई. पहिल्या तिघांच्या नावात ज्या गावाकडे रस्ता जातो ते गाव आहे, तर मक्काई दरवाजात प्रार्थनेची आणि हजची दिशा आहे. मक्काई दरवाजापाशी खाम नदीवरचा पूलही आहे, तेव्हा दरवाजा आणि पूल एकाच योजनेचे भाग म्हणून पाहावेत. बावन्न दरवाज्यांचे शहर अशी ख्याती आहे. हा आकडा मोजून जुळवण्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे, कारण त्यात महादरवाजे, छोट्या खिडक्या आणि महालाच्या आतले दरवाजे असे सगळेच मिसळले जाते. त्याऐवजी रंगीन दरवाजा किंवा नौबत दरवाजा यांसारखी नावे वेगळी काढावीत. ती गावाच्या तटाची नव्हेत, बादशाही महालाच्या, म्हणजे किले अर्कच्या अंतर्भागाची आहेत.

निजाम काळासाठी अर्धा दिवस पुरतो. १७६३ नंतर हे शहर राजधानी राहिले नाही, आणि राजधानी गेली की मोठी बांधकामेही जातात. शहागंजचा घड्याळाचा मनोरा, सुभेदारी विश्रामगृहाचे नाव आणि छावणीतले सरळ रस्ते व व्हरांड्याचे बंगले पाहावेत. निजामाचे राज्य आणि इंग्रजांची छावणी एकाच गावात कशी नांदली ते तेथे दिसते. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडकडून रेल्वे आली आणि गावाचे नवे तोंड स्थानकाकडे वळले. आता पाणचक्कीची अधोरेखित नोंद काढावी. मोगल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टींमागे निजामाचे सरदार आहेत. सत्ता बदलली तरी गवंडी तोच असतो, चुना घोटण्याची पद्धत तीच असते, आणि नवा मालक जुन्या थाटातच स्वतःची प्रतिष्ठा शोधतो.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक वास्तूसाठी पान वेगळे ठेवावे. वर नाव, खाली बांधणारा आणि साल. मग पदार्थ, कमान, पाणी, नंतरची भर आणि दुरुस्ती. शेवटच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. सिमेंटचा करडा, कडक, सपाट डाग जुन्या चुन्यात उठून दिसतो, आणि त्याला मूळ काम समजून अनेक चुकीचे निष्कर्ष निघतात. नमुन्यादाखल लाल मशिदीची नोंद अशी होईल: मोगल काळ, पदार्थ काळा पाषाण, रंग लाल, कारण उत्तरेतल्या वालुकाश्माचा संस्कार, सांधा म्हणजे रंगाखाली दिसणारा दगड. एवढ्या पाच तुकड्यांत साम्राज्याची इच्छा आणि सुभ्याची मर्यादा दोन्ही येतात. 'असे म्हणतात' आणि 'लेखात आहे' यांत नेहमी फरक ठेवावा. ऐकलेली गोष्ट शिसपेन्सिलीने लिहावी, शिलालेखातली शाईने.

तिसरा दिवस: खुलताबाद

शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या खुलताबादला वही घेऊन जावे आणि शिकलेले पडताळून पाहावे, कारण या शहराच्या तिन्ही राजवटींची माणसे तेथे एका गावात विसावली आहेत. मलिक अंबरचे थडगे घुमटाचे आहे आणि ते दख्खनी पद्धतीचे आहे. तेथे दगड किती उघडा आणि किती झाकला, ते पाहावे. निजाम-उल-मुल्क आसफजाहची कबर बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. आणि झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे, वर घुमट नाही, छप्पर नाही, उघड्या आभाळाखाली मातीचा साधा चौकोन. ज्याच्या बेगमेसाठी उत्तरेतून संगमरवर आला त्याची ही कबर आहे. तिच्याभोवतीची संगमरवरी जाळी पाहून मात्र फसू नये. ती व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजाम सरकारने नंतर बसवलेली आहे, तेव्हा वहीत कबरीसमोर १७०७ लिहावे आणि जाळीसाठी निजाम काळाचे पान उघडावे.